पावाविना बर्गर : माल आपल्या घरचा, गिऱ्हाईक नवे

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत बर्गर कुठे मिळत नाही? स्टेशनबाहेरच्या गाडीपासून मॉलमधल्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतो. पण ज्याला गहू चालत नाही अशा गिऱ्हाइकाने विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : "पाव काढून देतो, आतली टिक्की खा." हे उत्तर गिऱ्हाइकाच्या तब्येतीला धोक्याचे आहे आणि धंद्याच्या हिशेबानेही चुकीचे आहे. आपल्या खाद्यपदार्थ विक्रेत्या बांधवांनी याचा विचार करावा, म्हणून हा मजकूर.

काही लोक गहू केवळ हौसेने सोडतात, हे खरे. पण सीलिअ‍ॅक हा खराखुरा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या चिकट प्रथिनामुळे अशा रोग्याच्या लहान आतड्याला इजा होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. मुलांची वाढ खुंटते, मोठ्यांना पंडुरोग जडतो. डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी गव्हाचा हा संबंध दाखवून दिला. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, तेव्हा हे आजारी बालक उलट सुधारले. पाव परत आला तसा आजारही परतला. यावर आजही औषध नाही. जन्मभर पथ्य, हाच इलाज. उत्तर भारतात केलेल्या पाहण्यांत शंभरामागे सुमारे एक असे प्रमाण आढळले आहे. दक्षिणेत ते बरेच कमी आहे.

आता आपल्या घरात पाहा. कोकणी मुसलमानांच्या स्वयंपाकात तांदळाची भाकरी, घावन आणि सांदण पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सांदण तर तांदूळ आणि नारळाचे, वाटीत वाफवलेले, गोल आणि मऊ. गोश्ताच्या सालनाबरोबर ते दावतीत वाढले जाते. दुसरीकडे शामी कबाब : खिमा आणि चण्याची डाळ, गव्हाचा कणही नाही. दोन सांदणांच्या मधे एक शामी कबाब, कांदा आणि पुदिन्याची चटणी ठेवली की बर्गर तयार. परदेशी कंपन्या ग्लुटेनविना पाव बनवण्यासाठी मोठी खटपट करतात, कारण ग्लुटेनचे जाळे नसले की पावात हवा टिकत नाही आणि तो भुगा होतो. सांदणाला ही अडचण नाही, ते मुळातच तांदळाचे आहे. राबोडी, मुंब्रा, कौसा, कल्याणचा दूधनाका आणि भिवंडी येथील ज्या घरांत भगिनी सांदण उत्तम करतात, त्यांनाही यातून घरबसल्या रोजी मिळू शकते.

परंतु नुसती पाककृती गव्हाविना असून भागत नाही. खरी परीक्षा पुढेच आहे. पिठाच्या चक्कीवर गव्हामागोमाग तांदूळ दळला की तांदळाच्या पिठात गहू आलाच. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे 'ग्लुटेन-फ्री' म्हणायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर 100 किलो तांदळाच्या पिठात 20 ग्रॅम गव्हाचे पीठ मिसळले तरी मर्यादा गाठली जाते. म्हणजे मूठभरही नको! म्हणून तांदूळ वेगळ्या चक्कीवर दळावा किंवा घरी भिजवून वाटावा.

गहू आणखी कुठे कुठे लपतो, तेही ध्यानात ठेवावे. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते. बटाटेवडा बेसनाचा असूनही म्हणूनच बिनधोक म्हणता येत नाही. सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर सहसा गहूही असतो. कबाब बांधायला पावाचा चुरा, मासळीला रवा, आणि समोसे तळलेल्या कढईतच पुढचा घाणा, या आपल्या रोजच्या सवयी आहेत. ज्या तव्यावर पाव भाजला, त्यावरच शामी कबाब टाकला तर सारी मेहनत वाया.

कोणी म्हणेल, एवढी सोवळेगिरी कोण पाळणार? त्यांना विचारावेसे वाटते : परक्या हॉटेलात गेल्यावर आपण काय विचारतो? गोश्त हलाल आहे का, कढई वेगळी आहे का, तेल तेच आहे का? आणि दुकानदाराने "हो, हो" म्हणून वेळ मारून नेली तर आपल्याला काय वाटते? वेगळ्या भांड्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्या भरवशाची आपण दुसऱ्याकडून अपेक्षा करतो, तोच भरवसा या गिऱ्हाइकाला द्यायचा आहे.

दुसरा आक्षेप असा की अशी गिऱ्हाइके किती? थोडी, हे कबूल. पण चौघांच्या कुटुंबात एका मुलाला गहू चालत नसेल तर त्या मुलाला जिथे खाता येईल तिथेच चौघे जातात. एक गिऱ्हाईक गमावले की चार जातात, आणि एक सांभाळले की चार येतात. शिवाय असे आईबाप एकमेकांना ठिकाणे सांगत असतात. खर्च म्हणाल तर एक तवा, एक छोटी कढई, एक सुरी-पाट आणि झाकणाचे डबे. आरंभी आठवड्यातून एक दिवस, आधी ऑर्डर घेऊन केले तरी पुरे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगावी लागेल. पाटीवर 'ग्लुटेन-फ्री' हा शब्द लिहिण्याची घाई करू नये. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत माल तपासून घेतला नाही, तोवर सरळ सांगावे : पदार्थ तांदळाचा आहे, पीठ असे दळले आहे, तवा वेगळा आहे. आणि तवा वेगळा नसेल तर तेही तोंडावर सांगावे. खोट्या पाटीची किंमत एखाद्या लेकराचे पोट मोजते. अशा कमाईत बरकत कसली? उलट "आज आमच्याकडे तुमच्यासाठी नाही" असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या दुकानदाराकडेच ते गिऱ्हाईक पुढच्या खेपेला विश्वासाने येईल. माल आपल्या घरात आहे, हुन्नर आपल्या हातात आहे. फक्त एक तवा वेगळा ठेवण्याचा प्रश्न आहे.