यंत्राआधी हिशेब : घरच्या घरी टी-शर्ट छपाई

घरातील मुलाने अथवा सुनेने टी-शर्ट छपाईचा विचार मांडला की व्यापारी कुटुंबात दोन प्रकारची मते ऐकू येतात. वडीलधाऱ्यांना तो पोरखेळ वाटतो, तर उत्साही मंडळी दुसऱ्याच दिवशी यंत्राच्या किमती विचारू लागतात. ही दोन्ही टोके टाळावीत. पाठशाळेची शिबिरे, यात्रासंघ, क्रीडास्पर्धा, दुकानातील नोकरवर्गाचे गणवेश अशी मागणी आपल्या परिचयातच असते. प्रश्न आहे तो योग्य पद्धत निवडण्याचा आणि भांडवल अडकू न देण्याचा.

स्क्रीन प्रिंटिंग ही जुनी व खात्रीची पद्धत. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग कापडावर उतरवला जातो. पूर्वी ही जाळी रेशमाची असे. आज ती पॉलिएस्टरची मिळते, त्यामुळे रेशीम वर्ज्य मानणाऱ्यांचीही अडचण राहिलेली नाही. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र चौकट करावी लागते. म्हणून एकाच चित्राचे शंभर नग छापायचे असतील तर ही पद्धत स्वस्त पडते. पाच नगांसाठी ती परवडत नाही. प्लास्टिसोल रंग नुसत्या हवेवर वाळत नाही. त्याला सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णता मिळाली नाही, तर तो धुण्यात निघू लागतो.

सब्लिमेशनमध्ये रंगाची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. ही पद्धत पॉलिएस्टरच्या पांढऱ्या वा फिकट कापडासाठीच योग्य आहे. साध्या सुती कापडावर हा रंग टिकत नाही, आणि नवशिक्यांची पहिली चूक बहुधा इथेच होते.

डीटीएफ पद्धतीत चित्र फिल्मवर छापून, त्यावर चिकट भुकटी वितळवून, ते उष्णतेने कापडावर चढवतात. सुती, पॉलिएस्टर, गडद, फिकट अशा सर्व कापडांवर ते बसते. छापील फिल्म बाहेरून तयार करून मिळते; घरी केवळ हीट प्रेस यंत्र पुरते. त्यामुळे प्रारंभासाठी हाच मार्ग सोयीचा.

हीट प्रेससाठी १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग घ्यावा. छापण्यापूर्वी रिकामा टी-शर्ट काही सेकंद दाबून त्यातील दमटपणा घालवावा. तापमान व वेळ फिल्म पुरवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणेच ठेवावी. पहिला नग विकू नये. एक दिवस थांबून तो पाच-सहा वेळा धुऊन पाहावा. कोरा माल तिरुपूरहून येत असो वा स्थानिक ठोक बाजारातून, प्रथम नमुन्याचे नग मागवून त्यांचे आटणे तपासावे.

आता हिशेब. समजा, कोरा टी-शर्ट १२० रुपये, फिल्म ३५ रुपये आणि पिशवी ५ रुपये, म्हणजे नगामागे १६० रुपये. शंभर नगांना १६,००० रुपये लागले. सहा नग बिघडले व उरलेले ९४ नग २५० रुपयांनी विकले, तर २३,५०० रुपये आले आणि ७,५०० रुपये उरले. चाळीस तासांचे काम धरल्यास तासाला सुमारे १८७ रुपये पडतात. वीज व यंत्राची झीज त्यातूनच भागवायची. परंतु मापांचा अंदाज चुकून वीस नग पडून राहिले, तर उरतात केवळ २,५०० रुपये, म्हणजे तासाला साडेबासष्ट. यंत्र तेच, कष्टही तेच. फरक पडला तो पडून राहिलेल्या मालाने. म्हणून आधी मापांसह मागणी लेखी घ्यावी, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि मगच कोरा माल आणावा. नातेवाईकांच्या मागणीलाही हाच नियम लावावा.

चित्रपटातील पात्रे, क्रिकेट संघांची बोधचिन्हे, नामांकित कंपन्यांच्या खुणा परवानगीवाचून छापू नयेत. १९५७ चा कॉपीराइट कायदा व १९९९ चा ट्रेडमार्क कायदा घरगुती उद्योगालाही लागू आहेत. दुकानमालकाच्याच पॅनवर हा उद्योग चालवला, तर त्याची उलाढाल जीएसटीसाठी दुकानाच्या उलाढालीतच मिळवली जाते, हेही ध्यानात ठेवावे. उद्यम नोंदणी निःशुल्क आहे. मुद्रा योजनेतील शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज मिळू शकते. मात्र पहिली मागणी हाती येईपर्यंत कर्जाची घाई नसावी.

एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. उद्योग सुनेच्या नावे काढला जातो, पण तिच्या श्रमाचे मोल वहीत कधी लिहिले जात नाही. 'घरचेच काम' म्हणून तिची मजुरी शून्य धरली, की तोट्याचा धंदाही फायद्याचा दिसतो. तिचे तास मांडावेत, तिचे बँक खाते वेगळे असावे आणि नफा त्याच खात्यात जमा व्हावा. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर मजुरी वजा जाऊनही काही शिल्लक दिसली, तरच दुसरे यंत्र घ्यावे. शिल्लक नसेल, तर धंदा आवरता घेण्यात कमीपणा नाही. चोख वहीमुळे तो निर्णयही वेळेवर घेता येतो.