न उठलेली जत्रा

मुरबाडहून सिद्धगडाकडे जाणारी वाट म्हसा गावावरून जाते. पौष पौर्णिमेला तेथे म्हसोबाची जत्रा भरते आणि काही दिवस त्या लहानशा गावाला बाजारपेठेचे रूप येते. बैलांचा बाजार ही या जत्रेची मूळ ओळख. त्याच्या आश्रयाने घोंगड्या, शेतीची अवजारे, भांडी, मिठाई, पाळणे आणि करमणुकीचे तंबू येतात. बैल घ्यायला आलेला शेतकरी घोंगडी घेतो, मुलांसाठी मिठाईचा पुडा बांधून घेतो आणि रात्री तंबूत जाऊन बसतो. खरेदी, खाणे आणि गाणे यांचा गल्ला वेगळा असला तरी गिऱ्हाईक एकच असते. मग जत्रा उठते. पाळण्याचे खांब निघतात, तंबूवाले पुढच्या गावाची वाट धरतात, आणि वादक-गायकांची त्या गावापुरती मिळकत संपते.

ज्या गावातून ही जत्रा कधी उठतच नाही, त्याला कलानगरी म्हणावे. युनेस्कोने २००४ साली सर्जनशील शहरांचे जाळे उभारले. संगीतासाठी वाराणसी, चेन्नई आणि ग्वाल्हेर, पाककलेसाठी हैदराबाद, चित्रपटासाठी मुंबई अशी भारतीय शहरे त्यात आहेत. कोल्हापूर त्या यादीत नाही. परंतु मराठी माणूस त्याला गेली कित्येक वर्षे ‘कलापूर’ म्हणतो, आणि ते बिरुद कोणत्याही अर्जावाचून मिळालेले आहे. कोल्हापूर, सांगली आणि मिरज या एकमेकींना लागून असलेल्या तीन पेठांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा जमाखर्च पाहिला, तर कलेचा पैसा कोठून येतो आणि कोठे अडतो, हे नीट उमगते. व्यापारी घरांना हा हिशेब परका वाटू नये.

हिशेबाचे पहिले पान सांगलीचे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. खर्च दरबाराचा आणि प्रेक्षकही दरबाराचे. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि तो आश्रय संपला. भाव्यांपुढे नटांचा संच होता, सामान होते, आणि उत्पन्न नव्हते. त्यांनी मंडळी घेऊन गावोगावचा दौरा धरला आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे १८४३ हे वर्ष ठळक अक्षरांत छापतात. व्यापाराच्या दृष्टीने पाहणाऱ्याला १८५३ अधिक मोलाचे वाटेल, कारण एका धन्याऐवजी अनेक गिऱ्हाइके मिळाल्यावर नाटक मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

कोल्हापुरात दरबाराचा आश्रय दीर्घकाळ आणि उदार हाताने लाभला. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली. त्याच सुमारास अल्लादिया खाँ दरबारगायक म्हणून कोल्हापुरात आले. पेठ आणि गाणे एकाच राजाच्या नजरेखाली वाढले, हा योगायोग असेलही; पण शहराला दोन्हींची गरज आहे हे महाराज जाणून होते. चित्रकार आबालाल रहिमान यांनाही त्यांनीच दरबारात मान दिला. १९०२ च्या युरोपच्या प्रवासात पाहिलेली नाट्यगृहे मनात ठेवून त्यांनी पॅलेस थिएटर बांधविले; १९१५ साली ते खुले झाले. मे १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईस निघून गेले. मुंबईत त्यांच्याकडे केसरबाई केरकर शिकल्या, आणि त्या तालमीचा भार उचलला तो मुंबईतील एका धनिक व्यापाऱ्याने. १९७७ साली अवकाशात निघालेल्या व्हॉयेजर यानांतील ध्वनिमुद्रिकेत केसरबाईंची भैरवी आहे. ज्या व्यापाऱ्याने शिकवणीचे पैसे मोजले, त्याच्या खतावणीत ही रक्कम कोणत्या खात्यावर पडली असेल?

राजा गेला तरी कोल्हापुरातील गाणे थांबले नाही, याचे कारण एक लहानशी व्यवस्था. ‘गायन समाज देवल क्लब’ ही संस्था १८८३ पासून तेथे आहे. ‘क्लब’ या शब्दातच तिची आर्थिक रचना सांगितलेली आहे. सभासद असतात, वर्गणी असते, बैठका असतात. एखाद्या सभासदाची वर्गणी थकली, तरी संस्था बुडत नाही. दरबाराच्या मानाने या रकमा अगदी किरकोळ. पण संस्थान विलीन झाले आणि क्लब राहिला. बँकेच्या व्यवहारात मोठ्या एका ठेवीदारापेक्षा हजार बचतखाती अधिक भरवशाची मानतात. गाण्यालाही तोच नियम लागू पडलेला दिसतो.

चित्रपटाचे भांडवल मात्र वर्गणीतून उभे राहणे शक्य नव्हते. बाबूराव पेंटर हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे कारागीर. त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी स्वतः कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने कॅमेरा पुरा केला. त्यानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. तिला भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. गाण्यातून मिळविलेला पैसा एका स्त्रीने एका अनोळखी धंद्यात घातला, ज्याला त्या वेळी कोणतीही बँक तारणावरसुद्धा उभे करून घेती ना. १९२० साली या कंपनीचा ‘सैरंध्री’ आला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार झालेला शेतकरी दाखवला. देवघेव करणाऱ्या पेठेतच, आणि तेही उसन्या भांडवलावर, सावकारीवरचा चित्रपट निघावा, ही त्या गावाची मोकळीक म्हणावी लागेल.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे कलावंत-तंत्रज्ञ, आणि पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी, हे सराफ. चौघांपाशी कसब होते, पाचव्यापाशी पेढी. येथे सराफाने देणगी दिली नाही, तो भागीदार झाला. नफ्यातोट्यात त्याचा वाटा राहिला, आणि म्हणूनच जमाखर्चावर त्याची नजर राहिली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट याच कंपनीने कोल्हापुरात तयार केला. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. तेथील ‘संत तुकाराम’ची व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली ते १९३७ साली. कोल्हापूरच्या मागे राहिले ते शिकलेले हात: रंगारी, सुतार, छायाचित्रकार, वेशभूषाकार. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या दंगलीत जळाला, तेव्हा तो पुन्हा उभारता आला याचे एक कारण गावात असे हात होते. स्टुडिओची मालकी मात्र पुढे भालजींपाशी राहिली नाही.

येथे ताळेबंदाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गंधर्व नाटक मंडळीचे वैभव सर्वश्रुत आहे. रंगमंचावर अस्सल शालू, प्रेक्षागृहात अत्तर, आणि बिऱ्हाडी पंक्तींचा थाट. नाटक मंडळ्यांच्या जेवणावळी हा त्या काळी गावभर कौतुकाचा विषय असे. तिकिटाला गर्दी होती, तरी बालगंधर्वांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला आणि तो फेडण्यात उमेदीची कित्येक वर्षे गेली. विक्री भरपूर आणि धंदा तोट्यात, हे चित्र कोणत्याही पेढीवाल्याला ओळखीचे वाटेल. गाण्यात दोष नव्हता. गल्ला मोजणारे आणि खर्चाला ‘नको’ म्हणणारे कोणी घरात नव्हते.

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर कोल्हापूरचे खाणे हे तेथील कलेचे बिनपगारी व्यवस्थापक आहे असे म्हणता येईल. पाहुणा गाणे ऐकायला येतो आणि गूळ घेऊन जातो. अंबाबाईच्या दर्शनाला येतो आणि गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर काढलेल्या म्हशीच्या दुधाचा पेला रिकामा करतो. रात्रिभोजन न करणाऱ्या कुटुंबाचेही तेथे अडत नाही, कारण मिसळ हा मुळात सकाळचा पदार्थ. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांनी कटाविषयी आधी चौकशी करावी, हे सांगणे नलगे. हॉटेलवाल्याचा आणि गवयाचा संबंध प्रत्यक्ष नसतो. पण मैफलीच्या मोसमात दोघांचा गल्ला एकदम वाढतो.

मिरजेचा नमुना याहून वेगळा. तेथील सतारमेकरांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची, आणि मूळचे हे कारागीर शस्त्रांना धार लावणारे शिकलगार. संस्थानांची शस्त्रे म्यान झाली तेव्हा त्यांनी हात तंतुवाद्यांकडे वळविला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या धंद्याचे मर्म भोपळ्यात आहे. तंबोऱ्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातल्या शेतांतून येतो. तो पुरता वाळल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. चांगले लाकूडही वाळवून ठेवावे लागते. म्हणजे आज विकत घेतलेल्या मालाचे पैसे पुढे कित्येक महिने घरात अडकून पडतात, आणि वाद्य तयार झाल्यावरही जवारी काढणाऱ्या कानाची मजुरी वेगळीच. मानांकनाचा दाखला भिंतीवर लावता येतो. वाळत पडलेल्या भोपळ्यांवर खेळते भांडवल मिळणे त्याहून अवघड आहे. कापडाच्या किंवा किराण्याच्या दुकानदाराला माल तारण ठेवून रोखपत मिळते, कारण त्या मालाची किंमत कोणालाही ठरविता येते. न वाजलेल्या तंबोऱ्याची किंमत कोण ठरविणार?

खेळत्या भांडवलाचा हाच प्रश्न ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात निराळ्या रूपात समोर आला. पॅलेस थिएटरला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव दिलेले. ते थिएटर त्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. १९०८ साली ललितकलादर्श मंडळी काढणारे केशवराव १९२१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. त्याच वर्षी बालगंधर्वांबरोबर त्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला होता. त्यांच्या नावाची वास्तू जळताना पाहून रंगकर्मी आणि नागरिक रस्त्यावर रडले. शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला, आणि तो योग्यच होता.

परंतु वास्तू उभी राहणे आणि प्रयोग उभा राहणे यांत अंतर असते. बांधकामाला पैसा मिळतो, कारण ते दिसते. कोनशिला बसते, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात. हौशी नाट्यसंस्थेला लागते ते तालमीच्या जागेचे भाडे, नेपथ्याचा टेम्पो, प्रकाशयोजनेचे साहित्य, आणि बाहेरगावच्या प्रयोगाचा प्रवासखर्च. यावर पाटी लावता येत नाही. ‘प्रत्यय’सारख्या कोल्हापूरच्या संस्थेने शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ मराठीत उभा केला, तेव्हा त्यातील माणसे दिवसा आपापला व्यवसाय करून संध्याकाळी तालमीला येत होती. अशा मंडळींचे श्रम कोणत्याही खात्यावर पडत नाहीत. जैन समाजात पंचकल्याणक पूजेला सवाल बोलले जातात, मोठ्या रकमा क्षणात उभ्या राहतात. त्याच पूजेत स्वर लावणाऱ्या संगीत मंडळाची बिदागी मात्र शेवटच्या दिवशी घासाघीस करून ठरते, असे अनेक ठिकाणी दिसते. दातृत्व तेथे कमी नाही. खर्चाचे शीर्षक तेवढे नेहमीच शेवटी आठवते.

छोट्या गावातील दुकानदारापाशी एक जुने आणि उपयुक्त साधन आहे: स्मरणिकेतील जाहिरात. मंडळाची मुले दिवाळीआधी पावतीपुस्तक घेऊन येतात आणि दुकानदार अर्ध्या पानाचे पैसे काढून देतो, बहुधा कटकट टळावी म्हणून. जमाखर्चात ती रक्कम जाहिरात खर्चात जाते, देणगीत नाही. तिची पावती आणि छापलेले पान फाईलला लावले की प्रश्न मिटतो. जाहिरात म्हणून दिलेला पैसा दुकानदाराला दरवर्षी नव्याने पटवून द्यावा लागतो, ही त्याची अडचण. त्याऐवजी पेढीने एकदाच पूर्ण हंगामाचा आकडा ठरवून दिवाळीच्या वहीपूजनाच्या सुमारास तो वेगळा काढून ठेवला, तर तबलजीला मैफलीच्या रात्रीच पाकीट मिळेल. मुरबाड-शहापूरच्या बाजारपेठेत ही पद्धत सुरू करायची, तर म्हशाच्या जत्रेचा माल भरण्यापूर्वी, मार्गशीर्षातच, तो आकडा ठरवावा लागेल; पौष उजाडल्यावर दुकानदाराची सगळी रोकड मालात गेलेली असते.