विमान का आले नाही?

संगणकाच्या तासाला आम्ही 'फ्लाइट सिम्युलेटर'ला परवानगी दिली, तेव्हा काही पालक नाराज झाले. "खेळच तो!" असे त्यांचे म्हणणे. आमचे मत थोडे वेगळे आहे.

मुलांनी २००६ सालच्या 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स'साठी गोव्याच्या विमानांचे वेळापत्रक तयार केले. सोमवारी पहाटे पाचला दाबोळीहून सुटणारे विमान काही दिसेना. "प्रोग्रॅमच बिघडलाय," मुलांनी निकाल दिला. पण तिथले वेळापत्रक जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि आपले घड्याळ साडेपाच तास पुढे. म्हणजे ते उड्डाण रविवारी रात्री २३.३० ला मांडायला हवे होते. वार चुकला, विमान हुकले! स्थानिक वेळ लिहायला आम्हीच सांगितले होते, हेही कबूल करतो.

मोपाचेही विमान आले नाही. २०२३ साली सुरू झालेला विमानतळ २००६ च्या नकाशात असणार कसा?

यंत्राला दोष देण्याआधी आपला कागद तपासावा, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. ही सवय लागत असेल, तर तो तास वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. पालकांनी एकदा येऊन पाहावे.