परभाषा कोणी शिकावी?

नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, दिघा हे गाव आहे. जवळूनच ठाणे-बेलापूर रस्ता जातो आणि त्याच्या कडेने कारखाने उभे आहेत. येथील कामगार पगार घेऊन निघतो, वाटेत पाव आणि बटाटे विकत घेतो आणि घरी येऊन चावीने कुलूप उघडतो. पगार, पाव, बटाटा आणि चावी हे चारही शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. ते आता इतके घरचे झाले आहेत की, त्यांना कोणी परके म्हणत नाही.

परभाषा अशी न बोलावताही घरात येते. मग आपण होऊन तिच्याकडे गेलो, तर त्यात वावगे काय? माध्यमिक शाळेत ज्याला इच्छा असेल त्या प्रत्येक विद्यार्थ्याला जगातील एखादी भाषा शिकण्याची सोय असली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, "इंग्रजी येते, तेवढी पुरे." इंग्रजीचे महत्त्व कोण नाकारील? परंतु जपानमधील आई आपल्या बाळाला इंग्रजीत निजवीत नाही. माणसे हसतात, रुसतात, गाणी रचतात ती आपापल्या भाषेत. ती भाषा न शिकता त्यांची ओळख करून घेणे म्हणजे कोणाच्या घरी जाऊन अंगणातूनच परत येणे होय.

दुसरा कोणी म्हणेल, "अशाने मराठी मागे पडेल." ही भीती खरी नाही. विनोबा भावे यांनी बडोद्याच्या शाळेत दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली होती. संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतः केला. वेल्लोरच्या तुरुंगात ते दक्षिणेकडील भाषा शिकले. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकले. इतक्या भाषा शिकणाऱ्या विनोबांनी 'गीताई' लिहिली ती मात्र सोप्या, गोड मराठीतच. उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. १५७९ साली गोव्यात आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मोपदेशक मराठी शिकला आणि त्याचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्याने परभाषा मनापासून शिकली नसती, तर मराठी एका मोठ्या काव्याला मुकली असती.

तिसरा आक्षेप मात्र सर्वांत अन्यायाचा आहे. "कामगाराच्या मुलाला फ्रेंच किंवा जपानी कशाला?" असे काही जण विचारतात. त्यांनी एकदा दिघ्याच्या गल्लीत उभे राहावे. येथे आगरी बोली बोलणाऱ्या मुलांबरोबर राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले खेळतात. खेळता खेळता, पुस्तकाशिवाय, ती एकमेकांची बोली उचलतात. ज्याचा कान असा तयार झाला, त्याच्या बुद्धीविषयी शंका कसली? उणीव बुद्धीची नाही, सोयीची आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर जपानी, कोरियन, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषा शिकता याव्यात, असे म्हटले आहे. तथापि कागदावरची सोय वर्गात आली पाहिजे. प्रत्येक शाळेला स्वतंत्र शिक्षक मिळणे कठीण असेल, तर शेजारच्या चार शाळांनी मिळून एक नेमावा. सक्ती नसावी, जादा फी नसावी. ग्रंथालयात एक चांगला शब्दकोश मात्र अवश्य असावा. मातृभाषेचा पाया पक्का करून ज्याला पुढे जायचे असेल, त्याला वाट मोकळी असावी.

ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल २००४ साली सुरू झाली. ती दिघ्यावरून रोज धावत होती, पण येथे थांबत नव्हती. कारण स्थानकच नव्हते. २०२४ च्या जानेवारीत 'दिघा गाव' स्थानक सुरू झाले आणि तीच गाडी येथील माणसांची झाली. जगातील भाषांचेही तसेच आहे. त्या दारावरून जातच आहेत; त्या थांबाव्यात म्हणून प्रत्येक शाळेत एक स्थानक उभे राहिले पाहिजे.