काढेवाला आणि केमो

वस्तीतल्या भगिनीला स्तनाचा कर्करोग झाला, की काढेवाला दारात हजर! हळदीचा अर्क घ्या, केमो सोडा, असा त्याचा सल्ला. आम्ही झाडपाल्याचे वैरी नाही. केमोतले पॅक्लिटॅक्सेल हे औषध यू नावाच्या झाडाच्या सालीतूनच सापडले. ते शोधणाऱ्यांपैकी डॉ. मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. त्याची रचना प्रसिद्ध झाली १९७१ साली. स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली १९९४ साली. मध्ये माणसांवर चाचण्या झाल्या, मात्रा ठरल्या, अपाय नोंदले गेले. काढेवाल्याच्या वहीत काय नोंदले आहे?

हळदीतले करक्युमिन प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारते, हे खरे. पण पोटात घेतलेले करक्युमिन रक्तात फारसे उतरत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर ते केमोच्याच आड आलेले दिसले. भाजीतली हळद खुशाल खावी. अर्काची बाटली मात्र आधी डॉक्टरांपुढे ठेवावी.

आणि डॉक्टरांनाही आमचा सवाल आहे. सरकारी रुग्णालयात पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या बाईवर तुम्ही खेकसलात, तर ती पिशवीतली बाटली बाहेर काढील कशी?