त्या कॅनवर तारीख आहे का?

टेकफेस्ट जवळ आलं की रोबोटिक्स क्लबच्या कपाटातून सगळ्यात आधी काय बाहेर निघतं? गेल्या वर्षीची नायट्रो आरसी कार आणि शेजारी अर्धा भरलेला इंधनाचा कॅन. 'अरे, आहे की अजून लिटरभर, नवा कशाला?' हे वाक्य तुमच्याही क्लबमध्ये कुणीतरी टाकतंच. माझं मत सरळ आहे. फोडून वर्ष झालेला कॅन रेससाठी वापरू नका आणि होस्टेलच्या खोलीत तर कुठलाच कॅन ठेवू नका.

नाव नायट्रो असलं तरी या इंधनात सगळ्यात जास्त असतं मेथॅनॉल. नायट्रोमिथेन साधारण १० ते ३० टक्के आणि बाकी एरंडेल किंवा सिंथेटिक तेल. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यात आपला पावसाळा आणि झाकण सैल, म्हणजे बघायलाच नको! मग गाडी सुरू व्हायला कुरकुरते, निडल कितीही फिरवा, ट्यूनिंग टिकत नाही. आपण ग्लो प्लग बदलतो, कार्ब्युरेटर साफ करतो, ज्युनिअरला झापतो. दोष कॅनमध्ये असतो. तेच पाणी इंजिनात राहिलं की बेअरिंग गंजतात, आणि वाचवलेल्या पैशांपेक्षा खर्च कितीतरी जास्त होतो. सील न फोडलेला कॅन मात्र थंड, अंधाऱ्या जागी बराच काळ टिकतो.

पण मला खरी भीती इंजिनाची नाही, पाण्याच्या बाटलीची वाटते. कॅन जड म्हणून थोडं इंधन बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत काढायचं, ही आपली जुनी सवय. एक तर नायट्रोमिथेनला प्रकाश चालत नाही. दुसरं, काही इंधनांना रंग असतो आणि बाटलीत ते चक्क सरबत दिसतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून जास्त जीव गेले, ते याच मेथॅनॉलमुळे. अगदी थोडं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात. त्रास कधीकधी कित्येक तासांनी सुरू होतो, त्यामुळे 'मला काही होत नाहीये' यावर अजिबात जाऊ नका. थेट हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना 'मेथॅनॉल' हा शब्द सांगा. ते त्वचेतूनही शरीरात जातं, म्हणून भरताना हातमोजे घाला.

आणि आग? मेथॅनॉलची ज्वाळा दिवसा जवळजवळ दिसतच नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये पिटमध्ये इंधन सांडून रिक मिअर्स पेटला, तेव्हा आग नेमकी कुठे आहे हेच आजूबाजूच्यांना कळेना. तिथे प्रशिक्षित क्रू होता. आपल्या होस्टेलमध्ये पलंगाखाली कॅन, वर मॅगीची इलेक्ट्रिक शेगडी आणि कोपऱ्यात कुणाची तरी सिगारेट.

कॉलेजांबद्दलही बोलायलाच हवं. ट्रॉफी आली की प्रिन्सिपल सरांसोबत फोटो, वेबसाइटवर बातमी. पण इंधन ठेवायला कुलूप लागणारं एक लोखंडी कपाट मागा, की 'बघू' असं उत्तर येतं. मग पोरं खोलीत ठेवतात, यात नवल काय?

तोवर निदान एवढं करा. मूळ कॅनमध्येच ठेवा, झाकण घट्ट लावा, फोडलेली तारीख मार्करने लिहा. लहान कॅन घ्या, म्हणजे उरणारच नाही. रेस संपली की टाकी रिकामी करा, इंजिनात आफ्टर-रन ऑइलचे थेंब सोडा. जुनं इंधन बेसिनमध्ये किंवा गटारात ओतू नका. केमिस्ट्री लॅबमध्ये टाकाऊ सॉल्व्हंट गोळा करायची सोय असते का, ते लॅब असिस्टंट काकांना विचारा. आणि ते कपाट हवं असेल तर अर्ज आत्ताच टाका, फेस्टच्या आदल्या आठवड्यात कुणालाच वेळ नसतो.