लाल साय

इथे न्यू जर्सीत लेकीकडे आले की माझी खुर्ची दिवाणखान्यातल्या समुद्राशेजारी असते. काचेच्या टाकीत दीडशे लिटर खारं पाणी, दोन क्लाउनफिश आणि खडकांवर लावलेली पाच-सहा प्रवाळं. पोवळं म्हटलं की आपल्याला अंगठी आठवते. हे जिवंत, दिवसा फुलणारं. (भारतात असं घरी ठेवायचा विचारही करू नका. २००१ साली खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातली, आणि ते योग्यच झालं. इथली ही दुकानदाराने टाकीतच तुकडे करून वाढवलेली आहेत.)

तर यंदा या समुद्राला रोग लागला. आधी वाळूवर, मग खडकावर आणि शेवटी प्रवाळाच्या बुंध्याशी तांबडी, बुळबुळीत साय धरली. सकाळी विरळ वाटायची, दुपारपर्यंत दाट होऊन तिच्यात बुडबुडे अडकायचे. मी म्हटलं, शेवाळ आलंय. नातू म्हणाला, "आजी, शेवाळ नाही ते, बॅक्टेरिया आहेत. सायनोबॅक्टेरिया." एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या, आता आपली पाळी! पण पोरगा बरोबर होता. हे जीव उन्हावर स्वतःचं अन्न करतात, म्हणून आपण फसतो. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. आणि इथे तेच पोवळ्याचा श्वास कोंडत होते. एका बाजूचं मांस मागे सरून पांढरा सांगाडा दिसायला लागला, तेव्हा नातू जेवला नाही.

जावयांनी पावडर मागवली. एरिथ्रोमायसिनच्या जातीचं प्रतिजैविक. बॅक्टेरियाच असल्यामुळे औषध लागू पडतं, दोन-चार दिवसांत टाकी लख्ख होते म्हणे. माझा विरोध होता आणि आहे. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे उपकारी जिवाणू त्याच खडकांत राहतात, त्यांनाही त्याची झळ बसू शकते. मेलेली साय कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. उरलेलं औषध शेवटी मोरीतच जाणार. आणि मुख्य म्हणजे सायीचं खाणं टाकीत तसंच राहतं. महिन्याभराने ती परत येणार नाही कशावरून? तापाचं कारण न शोधता गोळी घ्यायची सवय घराघरांत आहे, ती माशांनाही लावायची का?

आता कारण. सांगायला लाज वाटते, पण नातेवाईक वाचतात, त्यांना कळणारच आहे. मुलं कामावर-शाळेत गेली की घरात मी आणि मासे. ते काचेशी येऊन तोंडं उघडत. मला वाटे, भुकेले आहेत बिचारे! गोठवलेल्या बारीक कोळंबीची वडी रोज अर्धी घालायची, तर मी आणखी दोन घालत होते. न खाल्लेलं सगळं खडकांच्या सांदीत कुजत होतं.

नातवाने पाणी तपासलं. फॉस्फेट भरपूर, नायट्रेट जवळजवळ शून्य. मला वाटलं, शून्य म्हणजे चांगलंच की. तर तसं नव्हे. यांच्यातल्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूच वापरतात. नायट्रेट संपलं की बाकीचे उपाशी आणि या साहेबांना मोकळं रान.

मग आमचा दिनक्रम ठरला. नातू नळीने साय ओढून काढायचा, मी रबरी फुग्याच्या पिचकारीने प्रवाळाच्या बुंध्याशी हलकेच पाणी मारायची. आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, तेही शुद्ध केलेल्या पाण्यात मीठ कालवून, नळाचं नाही. पंपाचं तोंड फिरवून जिथे पाणी साचून होतं तिथे प्रवाह नेला. यानेच जास्त फरक पडला असं माझं मत. आणि माझ्या हातून वड्यांचा डबा काढून घेतला! पहिले दोन आठवडे साय रोज नव्याने यायची. जावई काही बोलत नव्हते, फक्त पावडरीच्या बाटलीकडे बघत.

आज आठवा आठवडा. वाळू वाळूच्या रंगाची आहे. प्रवाळाची ती बाजू मात्र बोटभर पांढरीच राहिलीय. बाटली अजून कपाटात आहे. साय पुन्हा प्रवाळावर चढली आणि हाताने आवरेना, तर ती उघडायची असं ठरलंय. त्याला मीही हो म्हटलंय.

मासे अजून काचेशी येतात. मी पेपर वाचते.